उंब्रजचा, शिराळ्याचा आणि पाटलांच्यातला

समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात स्थापन केलेल्या अकरा मारुतींची नावं ज्याला ओळीनं घेता येतात, त्याला मराठी व्याकरणाचा एक अवघड धडा तोंडपाठ असतो. म्हणून बघा: शहापूरचा मारुती, मसूरचा मारुती, चाफळचे दोन मारुती, शिंगणवाडीचा, उंब्रजचा, माजगावचा. हे सात सातारा जिल्ह्यातले. मग सांगलीकडचे दोन, बहे-बोरगावचा आणि शिराळ्याचा. शेवटी कोल्हापूरचे दोन, मनपाडळ्याचा आणि पारगावचा.

आता जरा थांबून कान द्या. शिराळा या नावाला 'चा' लागताना नावाचं अंग बदललं, शिराळ्याचा झालं. मनपाडळे बदललं, मनपाडळ्याचा झालं. उंब्रज मात्र जागचं हललं नाही. 'देव'चं देवाचा होतं, 'ऊस'चं उसाचा होतं, मग 'उंब्रज'चं उंब्रजाचा का होत नाही? उंब्रजच्या एसटी स्टँडवर वडापाव खाणारा शाळकरी मुलगाही चुकून 'उंब्रजाचा' म्हणणार नाही. हा नियम त्याला कुणी शिकवलेला नसतो.

या एका 'चा'च्या पोटात दोन हजार वर्षांचा इतिहास आहे. तो उलगडताना इंग्रजी, जर्मन, डच या दूरच्या चुलत भाषांकडेही वाकून बघावं लागतं, कारण षष्ठी विभक्तीवर जे प्रसंग मराठीत आले तेच तिकडेही आले. त्यातून निघालेले मार्ग मात्र कधी सारखे, कधी अगदी उलटे.

'चा' दोन्हीकडे बघतो

शाळेतला तक्ता आठवा. षष्ठी: एकवचन चा, ची, चे, अनेकवचन चे, च्या, ची. बाकीच्या विभक्तींचे प्रत्यय इतकी रूपं बदलत नाहीत. 'ला' हा 'ला'च राहतो, 'ने' हा 'ने'च. 'चा' तेवढा पुढच्या शब्दाचं लिंग आणि वचन बघून पोशाख बदलतो: उंब्रजचा पूल, उंब्रजची शाळा, उंब्रजचं देऊळ, उंब्रजच्या शाळा. म्हणजे 'उंब्रजचा' हा शब्द वागतो विशेषणासारखा, 'काळा', 'काळी', 'काळं' यांच्यासारखा.

त्याच वेळी 'चा'ला मागच्या शब्दाचीही दखल घ्यावी लागते. मागचा शब्द सहसा सामान्यरूपात जातो: देऊळ–देवळा, कळस–कळसा, शिराळा–शिराळ्या. एक पाय मागे, एक पाय पुढे अशी या प्रत्ययाची उभं राहण्याची तऱ्हा आहे.

दोन्ही पाय एकदम कसे चालतात हे एका लांब साखळीत दिसतं: उंब्रजच्या मारुतीच्या देवळाच्या कळसाचा रंग.

ही साखळी शेवटाकडून सोडवायची. 'रंग' पुल्लिंगी, एकवचनी आणि त्याच्यापुढे प्रत्यय नाही, म्हणून त्याच्या लगेच आधी 'चा' आला: कळसाचा. 'चा' लागला म्हणून 'कळस'चं 'कळसा' झालं. आता 'कळसा' हे सामान्यरूप. सामान्यरूपातल्या नामाच्या आधीचं विशेषणही सामान्यरूपात जातं, जसं 'काळा घोडा' पण 'काळ्या घोड्याला'. म्हणून 'देवळाचा' न राहता 'देवळाच्या' झालं. तीच लाट मागे सरकत जाते: मारुतीच्या, उंब्रजच्या. साखळीतल्या मधल्या सगळ्या कड्या 'च्या' होतात आणि लिंग फक्त शेवटची कडी सांगते. 'रंग'च्या जागी 'सावली' घाला, 'कळसाची' होईल, मागच्या तिन्ही कड्यांना धक्का लागणार नाही. 'रंगाला' म्हणा, मग शेवटची कडीसुद्धा 'कळसाच्या' होईल आणि लिंग कुठेच उरणार नाही.

इंग्रजीचा अपॉस्ट्रॉफी-एस असं काही करत नाही. रामाचा भाऊ असो, बहीण असो की भांडी असोत, तिकडे 'राम्स' म्हणजे 'राम्स'. तो फक्त मागे बघतो. मराठीची षष्ठी अर्धी विभक्ती आणि अर्धं विशेषण आहे. संस्कृत व्याकरणकारांनाही षष्ठीचं वेगळेपण जाणवलं होतं. कर्ता, कर्म, करण वगैरे कारकांचं क्रियापदाशी नातं असतं, षष्ठीचं नातं नामाशी. पाणिनीनं तिच्यासाठी सूत्र केलं ते 'षष्ठी शेषे' असं. बाकीच्या विभक्तींत जे बसलं नाही, त्या उरलेल्या सगळ्या संबंधांसाठी षष्ठी.

घराच्या आत जुनं घर

'देवाचा' या शब्दाचे दोन तुकडे होतात, देवा आणि चा. यातला 'चा' षष्ठीचा, हे उघडच आहे. मग 'देवा'तला तो आकार कुठून आला?

संस्कृतात षष्ठी होती 'देवस्य'. प्राकृतात तिचं 'देवस्स' झालं. अपभ्रंशात तो 'स्स' आणखी विरळ होत 'देवह'सारखी रूपं आली. ती जिभेवर झिजत 'देवा' उरलं. म्हणजे आज आपण ज्याला सामान्यरूप म्हणतो आणि ज्याला स्वतःचा काहीच अर्थ नाही असं समजतो, ती मुळात जुनी षष्ठीच. एके काळी नुसत्या 'देवा'चा अर्थ 'देवाचा' होता. झिजून झिजून तिचा अर्थ ऐकू येईनासा झाला, तेव्हा भाषेनं तिच्यावर नवी षष्ठी चढवली. 'देवाचा' म्हणजे षष्ठीवर षष्ठी, जुन्या भिंतीला टेकून बांधलेली नवी भिंत.

नवी वीट कुठून आणली यावर अभ्यासकांत दोन मतं आहेत. एक मत 'चा'चं मूळ 'कृत्य'मध्ये शोधतं. दुसरं 'त्य' या संस्कृत प्रत्ययाकडे जातं. दाक्षिणात्य, पाश्चात्त्य, तत्रत्य या शब्दांतला हा 'त्य' म्हणजे 'तिथला'. प्राकृतात 'त्य'चा 'च्च' होणं हा नेहमीचा बदल. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राच्या व्याकरणात 'अम्हेच्चय', 'तुम्हेच्चय' अशी रूपं नोंदली आहेत, अर्थ आमचा, तुमचा. मोठ्यानं म्हणून बघितलं तर 'आमचा' त्यात ऐकू येतो.

'माझा' आणि 'तुझा' यांत मात्र 'चा' नाही. त्यांच्यात प्राकृतातली 'मज्झ', 'तुज्झ' ही रूपं जवळजवळ जशीच्या तशी आहेत, वर फक्त लिंगवचनाचा शेव लावला. जगभर हे असंच दिसतं. रोज हजारदा वापरली जाणारी सर्वनामं जुनं सगळ्यात जास्त जपतात. इंग्रजीनं नामांच्या बहुतेक विभक्ती टाकल्या, पण 'माय', 'हिज', 'देअर' अजून आहेत. आपल्याकडे याच मुळांतून साताऱ्याकडचं 'माजा', वऱ्हाडातलं 'माहा' किंवा 'माया' आणि मालवणीतलं 'माजो' आलं.

प्राकृतात आणखी एक मोठी उलथापालथ झाली. चतुर्थी विभक्ती मोडीत निघाली आणि तिचं काम षष्ठीनं घेतलं. वररुचीच्या 'प्राकृतप्रकाश'नं याचा नियमच दिला आहे: चतुर्थीच्या जागी षष्ठी. 'रामाय' म्हणायच्या जागी 'रामस्स' म्हणू लागले. आज आपण पत्रात 'रामास कळवावे' असं लिहितो त्यातला 'स' हा त्याच षष्ठीचा अवशेष, असं अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे तक्त्यात चतुर्थीच्या घरात राहणारा हा 'स' मूळचा षष्ठीच्या घरातला.

घरचा आणि घराचा

आता उंब्रजकडे परत येऊ. तिथे आकार का नाही?

त्याचं उत्तर नेहमीच्या शब्दांतच आहे. घरचा आणि घराचा, दोन्ही रूपं मराठीत चालतात, पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही. घरचा जावई, घरची भाकरी, घरचा आहेर. पण घराचा पाया, घराचा नकाशा, घराचं भाडं. पोटचा मुलगा म्हणायचं, पोटाचा विकार म्हणायचं. अदलाबदल केली तर डॉक्टरही गोंधळेल. पाठचा भाऊ आणि पाठीचा कणा. तोंडचा घास आणि तोंडाची चव. हातचं काम आणि हाताचं हाड.

अर्थातला फरक बघा. 'घराचा' म्हणजे घर या वस्तूचा, तिच्या भिंतीचौकटीचा. 'घरचा' म्हणजे घरी असलेला, घरात वाढलेला. पहिल्यात वस्तू आहे, दुसऱ्यात ठिकाण.

आता ज्या शब्दांना ही बिनआकाराची षष्ठी लागते त्यांची यादी करा: घर, गाव, दार, रान, हात, तोंड, पोट. त्याच शब्दांना सप्तमीचा जुना 'ई' अजून लागतो: घरी, गावी, दारी, रानी, हाती, तोंडी, पोटी. 'टेबल'ला तो 'ई' लागत नाही आणि 'टेबलाचा पाय' म्हणताना आकारही सुटत नाही. हा योगायोग नाही. जुन्या मराठीत 'मनींचा', 'जीवींचा' अशी रूपं भरपूर सापडतात: आधी सप्तमीचा 'ईं', मग 'चा'. 'मनीचं गुज' म्हणताना आपण ती अजून वापरतो. 'घरचा' या शब्दातही असाच 'घरी' दडलेला आहे, मधला स्वर तेवढा गळून गेला, असं मानलं की सगळं जागेवर बसतं.

गावाचं नाव तर जन्मतःच ठिकाण. उंब्रजचा मारुती म्हणजे उंब्रज नावाच्या वस्तूच्या मालकीचा मारुती नव्हे, उंब्रजला असलेला मारुती. म्हणून तो 'घरचा'च्या पंगतीत बसतो. याचा ताळा 'कोल्हापूर' या नावावर करता येतो. 'कोल्हापुरात पाऊस' म्हणताना नावाचं सामान्यरूप होतं, 'पू'चा 'पु' होतो, रकाराला आकार लागतो. 'कोल्हापूरचा पाऊस' म्हणताना यातलं काहीच होत नाही. 'कराडात मोर्चा' अशी वर्तमानपत्राची ओळ असते, पण मोर्चा कराडचा असतो, 'कराडाचा' कधीच नाही. म्हणजे या नावांना सामान्यरूप होतं, षष्ठीपुरतं ते बाजूला राहतं.

याची गंमत उंब्रजजवळच्या एका गावाच्या नावात अशी सापडते की व्याकरणकारानं मुद्दाम बेतावी. मसूर नावाचं गाव आहे आणि मसूर नावाचं कडधान्य. कराड-इस्लामपूरकडे अख्खा मसूर खायला लोक वाट वाकडी करून ढाब्यावर जातात. गावचा मारुती 'मसूरचा' आणि कडधान्याची आमटी 'मसुराची'. एकच शब्द, पण गाव असेल तर ऊकार दीर्घ आणि आकार नाही, दाणा असेल तर ऊकार ऱ्हस्व आणि आकार आला. विभक्तीनंच सांगितलं की बोलणं देवळाबद्दल आहे की ताटाबद्दल.

मग शिराळ्याचा, मनपाडळ्याचा, साताऱ्याचा, पुण्याचा यांचं काय? ही नावं आकारान्त किंवा एकारान्त. अशा शब्दांचा शेवटचा स्वर प्रत्ययापुढे टिकतच नाही, घोडा–घोड्याचा, केळे–केळ्याचा. तिथे ठिकाण असो की वस्तू, नियम एकच.

काही नावं कुंपणावर बसलेली असतात. उंब्रजजवळ तारळी नदीच्या काठी पाल हे खंडोबाचं गाव आहे. पौषात खंडोबा-म्हाळसेचं लग्न लागतं तेव्हा तिथे भंडाऱ्यानं रस्ते पिवळे होतात. या खंडोबाला कुणी 'पालचा खंडोबा' म्हणतं, कुणी 'पालीचा खंडोबा'. पहिल्याच्या कानात पाल हे कराडसारखं ठिकाण आहे. दुसऱ्याच्या कानात ते स्त्रीलिंगी नाम आहे, भिंत–भिंतीचा तसं पाल–पालीचा. दोघेही बरोबरच बोलतात. भाषा बदलते ती अशीच, दोन रूपं बरीच वर्षं शेजारी नांदतात आणि मग एखादं हळूच मागे राहतं.

तिकडच्या चुलत बहिणी

इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश, आइसलँडिक या जर्मानिक कुळातल्या भाषा. संस्कृत आणि त्या एकाच दूरच्या मूळ भाषेच्या वंशज. त्या मूळ षष्ठीत 'स' होता. तोच आपल्याकडे 'देवस्य'मध्ये आला आणि तिकडे इंग्रजीच्या अपॉस्ट्रॉफी-एसमध्ये. 'रामास' या रूपातला 'स' खरोखर जुन्या षष्ठीचा असेल, तर इंग्रजीचा 'स' त्याचा लांबचा भाऊबंद ठरतो.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांचे अनेक वर्ग होते आणि प्रत्येकाची षष्ठी वेगळी. पुढे शब्दांचे शेवट पुसट झाले, विभक्ती गळाल्या, एकट्या 'स'नं सगळी नामं ताब्यात घेतली. त्याच काळात 'ऑफ' हा शब्द विभक्तीचं काम करू लागला. आज इंग्रजीत दोन्ही मार्ग उघडे आहेत. माणूस असेल तर 'स'कडे कल, निर्जीव वस्तू असेल तर 'ऑफ'कडे. आपल्याकडे 'पोटचा' आणि 'पोटाचा' यांत अर्थ निवड करतो, तशीच ही निवड.

इंग्रजीत 'स'नं आणखी एक पाऊल टाकलं. तो एका शब्दाला न चिकटता अख्ख्या शब्दसमूहाच्या शेवटी जाऊन बसू लागला. 'किंग ऑफ स्पेन्स डॉटर' म्हणजे स्पेनच्या राजाची मुलगी, पण 'स' लागला आहे स्पेनला. स्वीडिशमध्येही असंच झालं. मराठीच्या बोलण्यात आपण हेच करतो: 'सरपंच आणि ग्रामसेवकांचा निर्णय'. निर्णय दोघांचा, प्रत्यय एकाला. बहे-बोरगावचा मारुती म्हणतानाही दोन गावांची गाठ मारून 'चा' शेवटी एकदाच लावतो.

आइसलँडिकनं मात्र जुनी घडी मोडली नाही. तिथे सहसा आडनाव नसतं, बापाच्या नावाची षष्ठी असते. योन नावाच्या माणसाची मुलगी 'योन्सदोत्तिर', मुलगा 'योन्सोन', म्हणजे योनची लेक आणि योनचा लेक. मधला 'स' ही जिवंत षष्ठी. आपण बापाचं नाव मधे ठेवतो आणि षष्ठी गाळतो: शिवाजी शहाजी भोसले. मोडी कागदपत्रांत ही जागा रिकामी नसे. तिथे 'बिन' किंवा 'वलद' म्हणजे अमक्याचा मुलगा आणि 'कोम' म्हणजे अमक्याची बायको असे अरबी-फारसीतून आलेले शब्द बसवलेले असत. ग्रामपंचायतीच्या नोटिशीवर 'मौजे उंब्रज' लिहितात त्यातल्या 'मौजे'चा एकारही फारसी इजाफतीचा, म्हणजे फारसी षष्ठीचा. ती मालकाच्या नावाला न लागता ज्याची मालकी सांगायची त्या वस्तूच्या नावाला लागते, आपल्या 'चा'च्या बरोबर उलटी.

लग्नपत्रिकेतली षष्ठी

जर्मन भाषेत षष्ठी लिखाणात टिकून आहे, बोलण्यातून मागे हटते आहे. बोलताना लोक 'फोन' हे शब्दयोगी अव्यय वापरतात किंवा दुसराच मार्ग धरतात: 'डेम फाटर झाइन हाउस'. शब्दशः 'बापाला त्याचं घर', म्हणजे बापाचं घर. बाप चतुर्थीत आणि मागोमाग 'त्याचं'. शिष्ट लोक याला गावंढळ समजतात. बास्टियान झिक या पत्रकाराचं 2004 साली जे पुस्तक गाजलं, त्याच्या नावाचा अर्थ 'चतुर्थी म्हणजे षष्ठीचं मरण' आणि ते नाव मुद्दाम याच गावंढळ रचनेत दिलेलं आहे. आपल्याकडे दोन हजार वर्षांपूर्वी षष्ठीनं चतुर्थी गिळली. जर्मन लोक आता चतुर्थीनं षष्ठी गिळल्याची तक्रार करतात.

डचमध्येही बोलताना 'बाप त्याची गाडी' अशी रचना चालते. नॉर्वेत ती आहे. सोळाव्या-सतराव्या शतकात इंग्रजीतही लोक 'राजा त्याचा' असं लिहीत. दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकान्स भाषेत तर त्या 'त्याचा'चं झिजून 'से' झालं आणि तोच तिथला षष्ठीचा प्रत्यय ठरला.

आता उंब्रजमध्ये कुणाच्याही कपाटातली लग्नपत्रिका काढा. 'श्री. अमुक अमुक पाटील यांचे ज्येष्ठ चिरंजीव'. नाव आधी, मागोमाग 'यांचे'. 'पाटील, यांचे चिरंजीव'. रचना तीच, 'बाप त्याचं घर'. जर्मनीत जी अडाणी ठरली ती आपल्याकडे सगळ्यात आदराची.

हे का झालं असावं? 'पाटलांचे चिरंजीव' म्हटलं की 'पाटील'चं 'पाटलां' होतं, नावाचं अंग मोडतं. पत्रिकेवर, निमंत्रणावर, पाटीवर माणसाचं नाव जसंच्या तसं दिसावं असं वाटतं. 'यांचे' सगळा भार स्वतःवर घेतो, नाव अभंग ठेवतो, वर अनेकवचनामुळे मानही राखतो. शिवाय नाव कितीही लांब असो, अध्यक्ष, उपाध्यक्ष आणि सर्व सदस्य असो, शेवटी एक 'यांचे' लावलं की काम झालं. म्हणूनच सरकारी मराठीत सरपंच आणि ग्रामसेवकांच्या ऐवजी 'सरपंच व ग्रामसेवक यांचा निर्णय' असं येतं.

रचना शिष्ट की गावंढळ हे तिच्या अंगात नसतं. ती आधी कुणाच्या तोंडी आली, पत्रिका छापणाऱ्याच्या की बाजारात भाजी विकणाऱ्याच्या, यावर तिची पत ठरते.

पाटलांच्यात

सातारा, सांगली, कोल्हापूर भागाची खास ठेव म्हणजे 'च्यात'. 'कुठं गेलतास?' 'पाटलांच्यात गेलतो.' पुण्याच्या माणसाला वाटतं, पाटलांच्यात म्हणजे पाटील जमातीमध्ये. तसं नाही. पाटलांच्यात म्हणजे पाटलांच्या घरी. 'मावशीच्यात जेवलो', 'आमच्यात च्या प्यायला या की'. इथं एक 'च्या' षष्ठीचा आणि दुसरा कपातला, पण ऐकणाऱ्याचा कधी गोंधळ होत नाही.

ही रचना उलगडायला सोपी आहे. 'पाटलांच्या घरात' यातलं 'घर' गळालं, त्याच्या पाठीवरचा 'त' तेवढा राहिला आणि सरळ 'च्या'ला येऊन चिकटला: पाटलांच्या-त. ज्याचं घर त्याचं नाव घेतलं की घर सांगायची गरज उरत नाही. इंग्रजीत 'अ‍ॅट द बुचर्स' म्हणतात, शब्दशः 'खाटकाच्या'पाशी. दुकान हा शब्द तिथंही गळालेला आहे. इंग्लंडच्या बाजारपेठेत आणि कृष्णाकाठी लोकांनी एकच युक्ती शोधली, कुणी कुणाला न शिकवता.

नाम गळून विभक्ती उरते, तसं कधी उलटं होतं. मागचा सगळा शब्द जातो आणि प्रत्यय डोकं वर काढतो. वैतागलेल्या माणसाच्या तोंडून निघणारं 'च्यायला' घ्या. 'त्याच्या आईला' यातलं 'त्या' झिजून गेलं, 'च्या'नं शब्दाची सुरुवात केली. मराठीत प्रत्ययानं सुरू होणारा शब्द विरळाच. नेदरलँड्समध्ये हाच प्रकार एका शहराच्या नावात मानानं नांदतो. हेग शहराचं औपचारिक नाव एका सुट्या 'स'नं सुरू होतं, अपॉस्ट्रॉफीसकट. तो 'स' म्हणजे 'देस' या शब्दाचं शेपूट, इंग्रजी 'द'सारख्या उपपदाचं जुन्या षष्ठीतलं रूप; पुढच्या शब्दासकट अर्थ 'सरदाराचं'. डचनं षष्ठी जवळजवळ सोडून दिली, पण राजधानीच्या तोलाच्या शहराच्या नावात तिचा एवढा तुकडा राहिला. आपला तुकडा शिवीत राहिला.

शेजारी बघितलं तर प्रत्येकानं आपापली वीट निवडलेली दिसते. अहिराणीत 'चा'च्या जागी 'ना': रामना भाऊ, मना, तुना. कोकणीत 'चो' आहेच, पण माणसाबद्दल बोलताना 'लो'ही आहे. तिथं माणूस आणि वस्तू यांच्यासाठी वेगळी षष्ठी निवडता येते, काहीशी इंग्रजीच्या 'स' आणि 'ऑफ'सारखी.

आणि आपला 'चा' अजून थांबलेला नाही. 'रामासाठी' आणि 'रामाच्यासाठी', 'घरामागं' आणि 'घराच्या मागं' अशी रूपं शेजारी ऐकू येतात. काही ठिकाणी 'च्या' असण्या-नसण्यानं अर्थच बदलला आहे. 'त्यामुळे उशीर झाला' म्हणजे त्या कारणानं. 'त्याच्यामुळे उशीर झाला' म्हटलं की दोष एका माणसावर गेला.

उंब्रजच्या स्टँडवर बॅग घेऊन उतरलेल्या पोराला पारावरचा म्हातारा विचारतो, 'कुनाचा रं तू?' या प्रश्नात नाव विचारलेलं नसतं, षष्ठी विचारलेली असते. उत्तरही षष्ठीतच येतं: 'वरच्या आळीच्या पाटलांच्या थोरल्याचा.' चार शब्दांत चार षष्ठी. 'वरच्या'त आकार नाही, कारण ते ठिकाण. 'आळीच्या'तही ठिकाणच, पण ते ईकारान्त. 'पाटलांच्या'त मान आणि जुनी झिजलेली षष्ठी. शेवटचा 'चा' पोराचं लिंग सांगतो, कारण पोरगा पुढ्यातच उभा आहे आणि 'मुलगा' म्हणायची गरज नाही. म्हातारा मान हलवतो. 'मग आमच्यात ये की जेवायला,' म्हणतो.